रानातलं लहान घर स्वतः बांधायचं असेल तर: निवृत्तीच्या वाटेवर असलेल्यांसाठी

निवृत्तीला दोन-चार वर्षं उरली की रानात एक लहानसं घर बांधावं आणि तिथेच राहायला जावं, हा विचार बऱ्याच जणांच्या मनात घोळायला लागतो. हे जमतं. डिक प्रेनेकी यांनी पन्नाशी ओलांडल्यावर अलास्कातल्या ट्विन लेक्सच्या काठी १९६८ साली एकट्याने, बहुतेक काम हातहत्यारांनी करून लाकडी केबिन उभी केली. १९९८ मध्ये, ब्याऐंशी वर्षांचे असताना त्यांनी ती जागा सोडली. त्यांच्याकडून दोन गोष्टी आधीच शिकून ठेवाव्यात. ओंडके त्यांनी आदल्या उन्हाळ्यातच तोडून वाळत ठेवले होते. आणि इतक्या एकांतातही त्यांचं सामानसुमान आणि टपाल ओळखीचा वैमानिक लहान विमानाने आणून देत असे. म्हणजे तयारीला आधीचं एक वर्ष लागतं, आणि बाहेरच्या जगाशी बांधलेला एक तरी धागा शाबूत लागतो.

या लेखात मी पुन्हा पुन्हा एकच कसोटी लावणार आहे. घर बांधताना तुम्ही साठीचे असाल, पण त्यात राहायचं आहे ऐंशीच्या माणसाला. जागा, जोतं, पाणी, चूल, संडास, काहीही ठरवताना त्या ऐंशीच्या माणसाला विचारा. उत्साहाच्या भरात हेच पहिल्यांदा विसरलं जातं.

आधी सगळ्यात वाईट ऋतू तिथे काढा

जमीन बघायला सगळे चांगल्या हवेत जातात. तुम्ही उलट करा. त्या भागातला सगळ्यात त्रासाचा काळ कोणता ते शोधा: धो धो पाऊस, बर्फ, कडक उन्हाळा किंवा वणव्याचे महिने. तेवढा काळ जवळपास एखादी साधी खोली भाड्याने घेऊन राहा. बाजारहाट, कपडे धुणं, सरपण, पाणी, सगळं तिथल्याच पद्धतीने करा. रस्ता किती दिवस बंद राहतो, फोनला रेंज कुठे मिळते, डॉक्टरपर्यंत पोहोचायला खरोखर किती वेळ लागतो, हे लिहून ठेवा. नकाशावरचं अंतर इथे कामाचं नाही. रात्री, चिखलात, गाडी चालवणारा दुसरा कोणी नसताना लागणारा वेळ मोजायचा.

जोडप्याने जायचं असेल तर दोघांनीही हा काळ पूर्ण काढावा. एकाची हौस आणि दुसऱ्याची तडजोड यावर असं घर फार दिवस चालत नाही, असं माझं ठाम मत आहे. ऋतू संपल्यावर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहावं: काय आवडलं, काय सोसलं, आणि काय अजिबात चालणार नाही. मग ते कागद एकत्र वाचावेत.

जमीन: कागद आणि पाणी

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण नियम जागोजागी वेगळे असतात. पैसे देण्याआधी पाच प्रश्नांची लेखी उत्तरं मिळवा. मालकी स्वच्छ आहे का? इथे राहतं घर बांधायला परवानगी आहे का? जमिनीपर्यंत जायचा रस्ता कायद्याने तुमचा आहे का, की शेजाऱ्याच्या भलेपणावर अवलंबून आहे? पाणी घ्यायचा आणि सांडपाणी जिरवायचा हक्क काय आहे? आणि अशा घराला विमा मिळतो का? झाडं आहेत म्हणून ती तोडता येतील असं धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते.

जमिनीची खरी पारख जोरदार पावसात होते. छत्री घेऊन जा आणि नुसतं उभं राहून बघा. पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठे माती कापत जातं. पाऊस थांबल्यावर तासाभराने पुन्हा त्याच जागी या. जिथे अजूनही पाय रुततो आणि बुटाच्या ठशात पाणी भरतं, ती जागा घराची नव्हे. पाणी लगेच निचरून गेलेली, उताराच्या मधल्या टप्प्यावरची जागा सगळ्यात चांगली. अगदी तळाशी थंड हवा साचते आणि ओलही राहते. माथ्यावर वारा झोडपतो, पाणी चढवावं लागतं आणि वणव्याची आगही उतारावरून वरच्या दिशेने वेगाने चढते.

मग मान वर करून झाडं बघा. वाळलेली, पोकळ, एका बाजूला झुकलेली झाडं आणि फांद्यांत अडकलेल्या तुटक्या फांद्या मोजा. घराच्या जागेपासून झाडाच्या उंचीइतक्या अंतरात असं एकही झाड नको. ते काढायचं काम मात्र स्वतः करू नका, ते जाणकाराकडे द्या.

आराखडा: लहान, एकमजली, सपाट

दोन माणसांना २५ ते ३० चौरस मीटर पुरतं. एक मोठी खोली, एका कोपऱ्यात झोपायची जागा, एका भिंतीला स्वयंपाक, आणि बाहेर छताखाली रुंद ओसरी. चित्रांत फार सुंदर दिसणारा वरचा पोटमाळा आणि त्याला लावलेली शिडी आराखड्यातून खोडून टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे. रात्री लघवीला उठलेला, झोपेत असलेला म्हातारा माणूस शिडी उतरतोय, हे डोळ्यांसमोर आणा.

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे पुढे-मागे चाकाची खुर्ची आली तरी अडणार नाही. उंबरठा नको. जोत्याला पायऱ्या हव्यातच तर रुंद, कमी उंचीच्या, आणि दोन्ही बाजूंना कठडा. संडास आणि न्हाणीच्या भिंतीत आत्ताच आडव्या फळ्या ठोकून ठेवा. आधाराचे दांडे पुढे बसवायचे झाले तर स्क्रू पकडायला लाकूड हवं. नंतर भिंत फोडणं जिवावर येतं.

ओंडक्यांचं घर की चौकटीचं?

रानातलं घर म्हटलं की एकावर एक रचलेले ओंडकेच डोळ्यांपुढे येतात. नवशिक्याने हिशोब करून बघावा. २० सेंटिमीटर जाडीचा, चार मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण १०० किलोचा भरतो. असे पन्नास-साठ ओंडके उचलायचे, खाचा पाडायच्या, पुन्हा उतरवायचे, पुन्हा चढवायचे. त्याउलट ५ बाय १० सेंटिमीटरचा तीन मीटरचा कापीव, वाळलेला वासा सात-आठ किलोचा असतो. तो एकटा माणूस खांद्यावर नेतो. म्हणून साठीच्या आसपासच्या, मदतीला एखाद-दुसराच हात असलेल्या माणसाला मी चौकटीचंच घर सुचवीन: वाशांचा सांगाडा, बाहेरून फळ्या, मध्ये उष्णतारोधक थर, आतून फळ्या. हौस असेल तर ओसरीचे खांब गोल ओंडक्यांचे करा.

ओंडक्यांचंच करायचं ठरलं, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लाकूड वाळताना बसतं. एक मीटर उंचीची ओंडक्यांची भिंत काही वर्षांत तीन ते सहा सेंटिमीटर खाली येऊ शकते. दारं-खिडक्यांच्या चौकटींवर तेवढी फट आधीच सोडावी लागते, नाहीतर चौकट दबते आणि दार अडकतं.

खांबांसाठी लाकूड तोडून घेतलं की साल काढायची, यात आळस नको. सालीखाली ओल धरते आणि किडे घर करतात. झाडाच्या वाढीच्या दिवसांत तोडलेल्या लाकडाची साल लांब पट्ट्यांत सहज सुटते. चपट्या पात्याचं हत्यार सालीखाली सरकवायचं आणि ओंडक्याच्या लांबीने ढकलत जायचं. खालचं लाकूड ओलं, बुळबुळीत आणि फिकट दिसतं. दोन दिवसांत त्यावर कोरडेपणाची चकाकी येते. झाड विसावलेल्या ऋतूत तोडलं तर लाकूड टिकायला बरं, पण साल चिकटून बसते आणि मेहनत दुप्पट होते. सोललेले खांब जमिनीपासून वर, आडव्या ठोकळ्यांवर, सावलीत आणि वारा लागेल असे रचा, आणि पुढच्या मोसमापर्यंत हात लावू नका.

जोतं, सांगाडा, छप्पर

लाकडाचे मुख्य वैरी दोन: ओल आणि वाळवी. दोघांवर उपाय एकच, लाकूड मातीपासून तोडायचं. खांब मातीत पुरू नका. दगडाच्या किंवा काँक्रीटच्या पायावर, धातूची बैठक घालून उभे करा. कुठलंही लाकूड जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर वर हवं. फरशीखाली माणूस सरपटत जाईल इतकी, ४५ सेंटिमीटरच्या वर मोकळी जागा ठेवली तर वाळवीची मातीची नळी वेळेत नजरेला पडते आणि दुरुस्तीही होते. जिथे जमीन गोठते तिथे ती जितकी खोल गोठते त्याच्याही खाली पाया न्यावा लागतो, कारण गोठलेली माती फुगते आणि आख्खा पाया उचलते.

काटकोन साधायला महागडं उपकरण लागत नाही. एका बाजूवर तीन मीटर, दुसरीवर चार मीटर मोजा. टोकांमधलं अंतर पाच भरलं की कोन बरोबर. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर एक खिळाही मारू नका. इथला दोन बोटांचा फरक छप्पर चढवताना हातभर होतो. उभं सगळं ओळंब्याने, आडवं पाणसळीने तपासा, आणि सांगाड्याला तिरके आधार दिल्याशिवाय रात्री तसाच सोडून जाऊ नका. वाऱ्याचा एक झोत पुरतो.

छपराला चांगला उतार आणि भरपूर वळचण द्या, भिंतीच्या बाहेर ६० सेंटिमीटर तरी. वळचण आखूड असली की पागोळ्या भिंतीवर उडतात आणि खालच्या फळ्या काही वर्षांतच कुजतात. छपरावर मी पत्राच घेईन. तो हलका असतो, ठिणगीने पेटत नाही, त्यावरचं पाणी स्वच्छ मिळतं, आणि एक पत्रा बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

छपराचं काम मात्र शक्यतो तरुण हातांना द्या, त्यात कमीपणा नाही. शिडी वापरायचीच तर तिचा पाय भिंतीपासून उंचीच्या पाव अंतरावर ठेवा: चार मीटरला एक मीटर. आणि एकटे असताना साखळी करवत सुरू करायची नाही, शिडीवर तर कधीच नाही.

पाणी: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

दोन माणसं काटकसरीने राहिली तरी पिणं, स्वयंपाक, अंघोळ, भांडी, कपडे मिळून माणशी ४० लिटर लागतात. म्हणजे दिवसाला ८० लिटर, म्हणजेच ८० किलो. ओढ्यावरून घागरीने आणू, असं म्हणणाऱ्याने हा आकडा सत्तराव्या वर्षाला लावून बघावा. पाणी आपोआप घरापर्यंत येईल अशीच व्यवस्था हवी.

सगळ्यात सोपा स्रोत तुमच्या डोक्यावर असतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ३० चौरस मीटरच्या छपरावर महिन्यात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ३,००० लिटर. गळती आणि उडालेलं पाणी वजा करून २,४०० धरा. दोघांची महिन्याची गरज नेमकी तेवढीच आहे. आता तुमच्या भागात सलग किती महिने कोरडे जातात ते बघा. चार महिने असतील तर जवळपास १०,००० लिटरची साठवण लागेल. एवढं पाणी दहा टन वजनाचं असतं, तेव्हा टाकीखालचा ओटा घराच्या पायाइतकाच काळजीने बांधा.

पन्हळीतून येणारं पहिलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. त्यात धूळ, पानं आणि पक्ष्यांची विष्ठा असते. पन्हळीला एक उभा बंद पाइप जोडा. कोरड्यानंतरच्या पावसाचे पहिले ३० लिटर त्यात भरतात, तो भरला की पुढचं पाणी टाकीकडे वळतं. पाइपच्या तळाला बारीक छिद्र ठेवलं की तो हळूहळू आपोआप रिकामा होतो. टाकी गडद रंगाची आणि पूर्ण झाकलेली हवी, नाहीतर शेवाळ धरतं. प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर डास होतात. टाकी घराच्या वरच्या अंगाला दोन-तीन मीटर उंचावर बसली तर पंपाशिवाय नळाला पाणी येतं. न बिघडणारं यंत्र हवं असेल तर ते उतार हेच आहे.

झरा किंवा ओढा कितीही निर्मळ दिसला तरी पिण्याचं पाणी गाळून उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट; २,००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं.

संडास

कोरडा संडास सगळ्यात कमी कटकटीचा. बादली किंवा कप्पा, त्यावर बैठक, आणि प्रत्येक वेळी वरून लाकडाचा भुसा किंवा कोरडा पाला. नीट झाकलं तर वास येत नाही. भरलेलं सगळं बंद खड्ड्यात किंवा कप्प्यात टाका, शेवटची भर घातल्यापासून निदान एक वर्ष कुजू द्या, आणि तयार खत झाडांना घाला, भाजीपाल्याला नको. विहीर, झरा, ओढा यांपासून ३० मीटर दूर आणि पाण्याच्या खालच्या अंगाला, एवढी अट पाळा. फक्त बसायची जागा घरालाच लागून ठेवा. रात्री पावसात अंगण ओलांडायला लागू नये.

ऊब आणि आग

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. ते जाळलं की उष्णता पाणी उडवण्यात जाते, धूर होतो आणि धुराड्यात डांबरासारखा काळा थर बसतो. हा थर पेटला की धुराड्यात हजार अंशांच्या पुढची आग लागते, आणि लाकडी घर त्यातून क्वचितच वाचतं. म्हणून सरपण फोडून, जमिनीपासून वर, फक्त माथा झाकून रचा. मऊ लाकडाला सहा महिने ते वर्ष, टणक लाकडाला दोन वर्षांपर्यंत लागतात. टोकांना चांदणीसारख्या भेगा पडलेले दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा: वाळलेलं लाकूड खणखणतं, ओलं भद्द वाजतं.

धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथून ९० सेंटिमीटर वर हवं, आणि तीन मीटरच्या आत असलेल्या कुठल्याही भागापेक्षा ६० सेंटिमीटर उंच. वर्षातून एकदा आतून घासा. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत, घराबाहेर. निखारे राखेत दिवसचे दिवस जिवंत राहतात. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावाच. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागंही करत नाही.

वणव्यात बहुतेक घरं आगीच्या भिंतीमुळे पेटत नाहीत, उडून आलेल्या ठिणग्यांमुळे पेटतात. घराभोवतीच्या दीड मीटरच्या पट्ट्यात पेटणारं काहीही नको: तिथे खडी टाका. दहा मीटरपर्यंत वाळलेलं गवत आणि पाला नको, खालच्या फांद्या छाटलेल्या हव्यात. तीस मीटरपर्यंत झाडं विरळ. हवेच्या झरोक्यांना तीन मिलिमीटरची धातूची जाळी. वणव्याच्या मोसमात सरपणाची रास दहा मीटर दूरच ठेवायची. थंडी किंवा पाऊस सुरू झाला की आठवड्यापुरतं ओसरीवर आणायचं, म्हणजे ओझं घेऊन निसरड्यावरून फेऱ्या होत नाहीत.

वीज

आधी पॅनेल विकत घेऊ नका, आधी बेरीज करा. सहा वॉटचे चार दिवे पाच तास म्हणजे १२० वॉट-तास, दोन फोन ३०, लहान पंखा आठ तास २००, लॅपटॉप दोन तास १००. एकूण ४५०. ढगाळ मोसमात दिवसाला तीन तासांचंच चांगलं ऊन धरलं तर ३०० ते ४०० वॉटची पॅनेल आणि १०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोघांना पुरते. ऊन नसलं तरी जवळपास तीन दिवस निघतात. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, म्हणून जिथे गोठतं तिथे ती घरातच ठेवा. फ्रिज आणला की सगळा हिशोब दुप्पट होतो. त्याशिवाय भागतं का, ते पहिल्या वर्षी बघा.

तब्येत आणि माणसं

जायच्या आधी दात, डोळे, हृदय, सगळ्या तपासण्या उरकून घ्या. रोजची औषधं रस्ता बंद राहण्याच्या सगळ्यात लांब काळाच्या दुप्पट साठवा. प्रथमोपचाराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण दोघांनीही घ्या, विशेषतः रक्तस्राव थांबवण्याचं. रानात कुऱ्हाड आणि करवत रोज हातात असते. रेंज नसेल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं लहान यंत्र घ्या आणि ते घरात टांगून न ठेवता अंगावर बाळगा. माणूस पडतो तो नेमका त्याच्यापासून लांब.

रोज ठरलेल्या वेळी एका माणसाला निरोप जायला हवा. निरोप आला नाही तर किती तासांनी त्याने काय करायचं, हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. शेजारी दोन डोंगर पलीकडे असला तरी त्याच्या कामाला जा, त्याचा बांध घालायला हात लावा. एकांत तुम्ही निवडलेला असतो. एकटेपण न विचारता येतं, आणि ते आजारपणात किंवा जोडीदार गेल्यावर येतं. आठवड्यातून एक दिवस माणसांत जायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

कधी परतायचं, हेही आत्ताच लिहा

हे प्रकृती चांगली असतानाच करायचं काम आहे. गाडी चालवता येईनाशी झाली, सरपण फोडणं थांबलं, एका वर्षात दुसऱ्यांदा पडणं झालं, दोघांपैकी एकच उरला: यांपैकी काय घडलं की गावाजवळ जायचं, हे दोघांनी मिळून लिहा आणि एक प्रत मुलांकडे किंवा विश्वासातल्या माणसाकडे द्या. परतल्यावर डोक्यावर छप्पर असावं म्हणून सगळी पुंजी रानातल्या घरात घालू नका. निदान वर्षभराचं भाडं आणि खर्च वेगळा ठेवा. जमिनीचे कागद, टाकीच्या झडपा, बॅटरीची जोडणी आणि धुराडं साफ करायची पद्धत एका वहीत चित्रांसह नोंदवा, म्हणजे तुमच्यानंतर तिथे राहणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात चूल पेटवता येईल आणि नळाला पाणी आणता येईल.